कोटेशनमधले रिकामे रकाने

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारा तरुण २३ वर्षांचा आहे. मिरजेत आईवडिलांसोबत राहतो आणि कुपवाड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर म्हणून शिफ्टमध्ये काम करतो. शाळेत असताना खाऊचे पैसे साठवून तो सायबर कॅफेत गेम खेळायचा. आता पगारातून ५५ हजार रुपये बाजूला टाकलेत आणि त्याला स्वतःचा गेमिंग पीसी घ्यायचाय. व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह आणि रेड डेड रिडेम्प्शन टू, हे तीन गेम चालले पाहिजेत. वडिलांच्या ओळखीच्या दुकानदार काकांनी ३८ हजारांचं कोटेशन दिलंय: ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, १ टीबी, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, मॉनिटर’. मित्रानं ९५ हजारांची यादी करून दिलीय आणि त्याहून कमी घेतलंस तर दोन वर्षांत भंगार होईल, उरलेल्या पैशांचा ईएमआय कर, असा त्याचा आग्रह आहे. वडील म्हणतात, लॅपटॉप घे. ‘एकदाच घेणार आहे ताई, मग दहा वर्षं बघायला नको. आय सेव्हन घेऊन मोकळा होऊ, की कर्ज काढू?’

तुझ्या पत्रासोबत कोटेशनचा फोटो पाठवलास, हे फार बरं केलंस. मी तो तीनदा वाचला. सात वस्तू लिहिल्यात आणि जवळजवळ प्रत्येकीत नेमका महत्त्वाचा शब्द गाळलेला आहे. आय सेव्हन आहे, पण कुठल्या पिढीचा? ग्राफिक्स ४ जीबी आहे, पण कार्ड कोणतं? १ टीबी म्हणजे आत काही न फिरणारी, वेगवान एसएसडी की जुनी फिरती हार्ड डिस्क? एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, ५०० वॉटचा, पण कुणी बनवलेला? काकांनी हे फसवायला केलं असं मी म्हणत नाही. दुकानात येणारं गिऱ्हाईक ‘आय सेव्हन आहे ना?’ एवढंच विचारतं, म्हणून तेवढंच लिहायची सवय पडलेली असते. पण तुझे ५५ हजार कुठे जाणार हे त्या न लिहिलेल्या शब्दांवर ठरणार आहे. तेव्हा कर्ज काढायचं की नाही हे ठरवण्याआधी ते शब्द भरून घेऊ.

आधी आय सेव्हन. हे नाव २००८ सालापासून बाजारात आहे. तेव्हाचाही आय सेव्हन आणि अलीकडचाही आय सेव्हनच. नावापुढचा आकडा बघायचा: ३७७० असेल तर पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, सन २०१२. १२१०० असेल तर पहिले दोन अंक, म्हणजे बारावी पिढी, सन २०२२. आय सेव्हन ३७७० मध्ये चार कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. आय थ्री १२१०० मध्येही चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, आणि गेममध्ये हा आय थ्री त्या आय सेव्हनला कितीतरी मागे टाकतो, कारण मधल्या दहा वर्षांत एकेका कोरची ताकद खूप वाढली. मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डासकट ३८ हजारांत जो आय सेव्हन येतो, तो बहुतेक दुसऱ्या, तिसऱ्या नाहीतर चौथ्या पिढीचा असतो. त्याच्यासाठी नवे एच ६१ (चौथ्या पिढीसाठी एच ८१) मदरबोर्ड आजही दुकानांत मिळतात, म्हणून उघडून पाहिलं तरी सगळं नवंकोरं दिसतं.

आणि यात तुझ्या व्हॅलोरंटचं एक मोठं त्रांगडं आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनच्या सुरक्षेची चिप) हवं असतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. व्हॅलोरंटची चीटिंग रोखणारी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना परका प्रोग्राम रोखणारी सेटिंग) दोन्ही चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही. म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आय सेव्हनवर काहीतरी खटपट करून विंडोज ११ बसवलं, तरी ज्या गेमसाठी तू एवढे पैसे साठवलेस तोच उघडणार नाही. हे कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही.

‘४ जीबी ग्राफिक्स’चंही तसंच. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड ४ जीबीमध्ये मिळतं आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचंच आहे. पहिल्यावर रेड डेडचं नाव काढू नकोस. दुसऱ्यावर तो सेटिंग खाली करून चालतो. कार्डावरची मेमरी म्हणजे गोदाम, काम करणारे हात वेगळे. गोदाम लहान असेल तर आजकालचे गेम अडतात हे खरं, पण नुसत्या गोदामाच्या मापावरून कारखाना किती माल काढेल हे सांगता येत नाही. नावंसुद्धा फसवी असतात. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं आणि ६ जीबीचं २०२४ मध्ये. नाव एकच, पण ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. म्हणून कार्डाचं पूर्ण नाव, त्याची मेमरी आणि बनवणारी कंपनी, तिन्ही गोष्टी बिलावर हव्यात.

एसएमपीएसबद्दल मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण एवढ्या सगळ्या पत्रात तू त्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाहीस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझा पहिला कॉम्प्युटर जोडून घेतला, तेव्हा मीही विचारलं नव्हतं. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस आपोआप आला होता, वर ४५० वॉट असं ठळक छापलेलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, आली, आणि टेबलाखाली फट्‌ असा आवाज झाला. मग जळक्या प्लास्टिकचा वास. एकटा एसएमपीएस गेला असता तर मला एवढं लागलं नसतं. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला, आणि त्या हार्ड डिस्कमध्ये भाचीच्या बारशाचे फोटो होते. ते कुणाकडेच नव्हते. तेव्हापासून मी कुणालाही पार्ट सुचवताना सुरुवात एसएमपीएसपासून करते.

तो पारखायची एक सोपी रीत सांगते. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्याला १२ नं गुण. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हा गुणाकार ५०० च्या पुढे जातो. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या ‘५०० वॉट’च्या डब्यावर तो कित्येकदा २०० च्या आसपासच येतो. ८० प्लसचा छाप असावा, पण तो छाप फक्त वीज किती कमी वाया जाते ते सांगतो. आतल्या सुरक्षेची हमी देत नाही. म्हणून नावाजलेली कंपनी आणि निदान तीन ते पाच वर्षांची वॉरंटी हे दोन्ही बघ. आणि मशीन घरी येण्याआधी वायरमनला बोलावून प्लगचं अर्थिंग तपासून घे. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक त्याची सवय करून घेतात. तू सवय करून घेऊ नकोस.

आता मित्राची यादी. त्याचा जीव तुझ्यावर आहे, यादीही अभ्यास करून केलेली दिसते. पण ती कुणासाठी केलीय? तुझे तीन गेम बघ. जीटीए फाइव्ह पीसीवर आला २०१५ मध्ये, रेड डेड २०१९ मध्ये, व्हॅलोरंट २०२० मध्ये. रेड डेडसाठी कंपनीनं सुचवलेलं कार्ड जीटीएक्स १०६० आहे, म्हणजे २०१६ सालचं. या तीन गेमसाठी आठ कोरचा रायझन ७ आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घेऊन वर व्याज भरायचं, हे मला पटत नाही. ‘फ्युचरप्रूफ’ हा शब्द ऐकायला छान आहे, पण ज्या भविष्यासाठी आज ४० हजारांचं कर्ज काढायचं, त्या भविष्यात तीच ताकद निम्म्या किमतीत मिळण्याची शक्यता जास्त.

दहा वर्षं बघायला नको, ही तुझी इच्छा मला कळते. स्वतः कमावलेल्या पैशातली पहिली मोठी वस्तू टिकावी असं कुणालाही वाटतं. पण डेस्कटॉप पीसीची मजाच ही आहे की तो एकदाच घ्यावा लागत नाही. चार वर्षांनी कार्ड बदल, मध्येच एसएसडी वाढव, मॉनिटर नंतर घे. बदलता न येणाऱ्या गोष्टीवर एकरकमी पैसे घालणं, हा लॅपटॉपचा स्वभाव आहे. त्यात ग्राफिक्सची चिप बोर्डावर कायमची बसवलेली असते.

तरी बाबांचं म्हणणं मी लगेच मोडीत काढणार नाही. त्यांना प्रोसेसरमधलं कळत नसेल, घर मात्र कळतं. तुझ्याकडे टेबलाची जागा आहे का? रात्रपाळी करून आलेला तू दुपारी झोपशील आणि रात्री खेळशील, तेव्हा त्या खोलीत आणखी कोण झोपतं? वर्षभरात कंपनी तुला चाकणला किंवा दुसरीकडे पाठवण्याची शक्यता आहे का? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं अडचणीची असतील, तर लॅपटॉप हाच शहाणपणाचा निर्णय आहे. मग कमी ताकद मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नकोस. नसतील तर पुढे वाच.

तुझ्या लाइनवर एक मशीन हळू असलं तर बाकीची कितीही पळाली तरी शिफ्टचा आकडा त्या हळू मशीनवरच ठरतो, हे तुला मी सांगायला नको. पीसीचंही तसंच आहे, आणि या तीन गेमपैकी रेड डेडमध्ये ते हळू मशीन म्हणजे ग्राफिक्स कार्ड. म्हणून सगळ्यात मोठा हिस्सा तिकडे जाऊ दे: ५५ हजारांतले साधारण २० ते २२ हजार. एएमडीचं आरएक्स ६६०० चांगल्या भावात मिळालं तर मी तेच घेईन. ८ जीबी मेमरी, वीज १३२ वॉट, आणि फुल एचडीवर तुझे तिन्ही गेम ते आरामात सांभाळतं. आरटीएक्स ३०५० ६ जीबी त्याच्याहून बरंच कमी पडतं. त्याचा गुण एवढाच की ७० वॉटमध्ये चालतं आणि वेगळी पॉवर केबल लागत नाही. इंटेलचं आर्क बी ५८० मोहात पाडेल, १२ जीबी आहे म्हणून. पण कमी ताकदीच्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग घसरतो, तेव्हा तुझ्या बजेटमध्ये ते नको.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड. तो एएम४ सॉकेटचा (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आहे आणि हा सॉकेट आता उतारवयाला लागलाय, हे मी लपवत नाही. पुढच्या पिढीचा प्रोसेसर या बोर्डावर बसणार नाही. मित्रानं म्हणूनच त्यापुढचा सॉकेट एएम५ लिहिलाय, आणि दोन वर्षांपूर्वी मीही कदाचित त्याच्या बाजूनं बोलले असते. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ५६०० ला लागणारी आधीच्या पिढीची डीडीआर४ सुद्धा स्वस्त राहिलेली नाही, पण तिच्यात निदान जुनी, चांगल्या स्थितीतली स्टिक मिळू शकते. रॅम हा सेकंडहँड घ्यायला त्यातल्या त्यात निर्धोक पार्ट आहे.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन स्टिक. एकाच स्टिकवर मेमरीचा एकच रस्ता उघडतो, दोनांवर दोन. आणि मशीन जोडून झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करायला सांग. नाहीतर ३२०० ची रॅम विकत घेऊन ती २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते. कित्येक लोकांच्या मशीनवर हे वर्षानुवर्षं तसंच असतं.

बोर्ड बी ४५० किंवा बी ५५० चा. दुकानात जुना स्टॉक असेल तर बायोस ५६०० ला ओळखेल इतका नवा आहे का, हे आधीच विचार. थेट मदरबोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबीची पुरे. एकटा रेड डेड १५० जीबी मागतो, म्हणजे जागा आवळूनच वापरावी लागेल, पण फिरती हार्ड डिस्क नकोच. कॅबिनेट समोरून जाळीचं घे. पुढे काच असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेटं सुंदर दिसतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये आतली हवा आतच शिजते.

हे सगळं मांडल्यावर तुझ्या लक्षात येईल की मॉनिटरला पैसे उरत नाहीत. माझं म्हणणं, तो आता घेऊच नकोस. घरात टीव्ही आहे ना? एचडीएमआय केबलनं जोड आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लाव. ३२ इंची बरेच टीव्ही १३६६ बाय ७६८ चेच असतात, चित्र थोडं जाडंभरडं दिसेल. व्हॅलोरंटमध्ये नेमबाजी किंचित उशिरा लागल्यासारखी वाटेल. संध्याकाळी आईच्या मालिकांच्या वेळी टीव्ही तिचा, हेही आधीच कबूल करून टाक. चारपाच महिन्यांनी पगारातून २४ इंची, १०० हर्ट्‌झ किंवा त्याहून वरचा आयपीएस मॉनिटर घे. चांगलं कार्ड आणि उधारीचा पडदा हे चालतं. भारी पडदा आणि जीटी ७३० हे चालत नाही.

ज्यांचं बजेट याहून कमी आहे आणि मुख्यतः व्हॅलोरंटच खेळायचंय, त्यांनी ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्यावा, जसा रायझन ५ ५६००जी, आणि कार्ड पुढे कधीतरी. ५६००जी मध्ये कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) साध्या ५६०० च्या निम्मी आहे, त्यामुळे नंतर कार्ड टाकल्यावर तो थोडा मागे राहतो; पण आज खेळायला मिळतं. इथे दोन स्टिकचा नियम आणखी कडक आहे, कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड पीसी घेणाऱ्यांनी इंटेलच्या आठव्या पिढीखाली उतरू नये. कारण वर आलंच आहे.

सेकंडहँड कार्डाबद्दलही तू एका ओळीत विचारलंयस. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याची पद्धत बदलली, तेव्हापासून ग्राफिक्स कार्डावर ते नाणं खोदता (मायनिंग करता) येत नाही, आणि मायनिंगची ढिगानं कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात. पण हातात घेऊन, समोर मशीनवर लावून, वीस मिनिटं जड गेम चालवून दाखवणाऱ्याकडूनच घ्यायचं. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघ; जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बरीच बनावट एनव्हिडिया कार्डं ते ओळखून ‘फेक’ असं दाखवतं. मूळ बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तरच नव्याच्या जवळपास किंमत द्यायची. कुरियरनं मागवायचं असेल तर नकोच.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊ का, असंही तुझ्या मनात आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसलास तर सकाळी मुंबईत, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. भाव चांगला मिळेल, चार दुकानं फिरता येतील. पण बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल, या बोलण्याला भुलू नकोस. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल हवं आणि प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला हवा. सुटा, ट्रेचा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याच्यासोबत पंखा नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही नसते.

खरं तर मुंबईआधी मी तुला काकांकडेच परत पाठवेन. वर्षभरात काही बिघडलं तर मिरजेतलं दुकान सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे, आणि बाबांचा शब्दही राहतो. त्यांच्या कोटेशनला नावं ठेवायची गरज नाही. एका कोऱ्या कागदावर आठ रकाने आख: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, विंडोज. प्रत्येकापुढे चार जागा ठेव: कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटी, किंमत. विंडोजपुढे ‘लायसन्ससकट की नुसतं टाकून?’ असं लिही. मग म्हण, “काका, मला तुमच्याकडूनच घ्यायचंय, एवढं भरून द्या.” त्यांना मुंबईपेक्षा दोन-अडीच हजार जास्त सुटत असतील तर खुशाल सुटू देत. जोडणी आणि धावपळ त्यांची असेल. ते भरून द्यायला तयार नसतील, तर मात्र महालक्ष्मीचं तिकीट काढ.

मशीन घरी आल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपास. टीव्हीची केबल मागे खाली, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावलेली असली पाहिजे, वर मदरबोर्डाच्या पोर्टात नाही. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसल्यामुळे मदरबोर्डाच्या पोर्टातून पडदा काळाच राहील, आणि तुला वाटेल सगळंच बिघडलं.

काकांनी कागद भरून दिला की त्याचा फोटो मला पाठव. मी आधी एसएमपीएसचा रकाना वाचेन.